हाली, कलदार आणि अर्धवट राहिलेलं शिक्षण

या वेळचा विषय जरा आडवाटेचा आहे मंडळी. अ‍ॅक्युपंक्चर. म्हणजे सुया टोचून उपचार. पण घाबरू नका, सुयांनी गुण येतो की नाही या वादात मी पडणार नाही. तो माझा प्रांत नाही. मला त्यातला एकदम रुक्ष भाग रंजक वाटला, तो म्हणजे हिशेब. एका अभ्यासक्रमात शिकलेलं दुसऱ्या अभ्यासक्रमात धरतात का? धरत असतील तर कोण ठरवतं, आणि कुठल्या दराने?

अमेरिकेत याचं उत्तर आकड्यांत मिळतं. तिकडे अ‍ॅक्युपंक्चरचं वेड सुरू झालं ते १९७१ साली. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं, नंतरच्या पोटदुखीवर तिथल्या डॉक्टरांनी सुया लावल्या, आणि रेस्टन यांनी त्यावर लेख लिहिला. दोनच वर्षांत, म्हणजे १९७३ मध्ये, नेवाडा राज्याने या उपचारपद्धतीला परवाना देणारा कायदा केला. मग शाळा निघाल्या. शाळा निघाल्या की मुलं एका शाळेतून दुसरीकडे जाणार, तेव्हा मोजमाप हवं. १९८२ मध्ये या शाळांना मान्यता देणारी एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि पुढे त्यांनी मोजपट्टीच तयार केली.

ती मोजपट्टी अशी. (हे आकडे गेल्या दशकातल्या निकषांतले आहेत.) नुसत्या अ‍ॅक्युपंक्चरच्या पदव्युत्तर पदवीला किमान १९०५ तास. त्यात सिद्धांत आणि सुयांचं तंत्र ७०५, प्रत्यक्ष रुग्णांवरचं काम ६६०, आधुनिक वैद्यकातले विषय ४५०, आणि समुपदेशन, नीतिनियम, व्यवसाय वगैरे ९०. 'पौर्वात्य वैद्यक' या मोठ्या पदवीला किमान २६२५ तास. त्यात ७०५ तेच, वर औषधी वनस्पतींचे ४५०, रुग्णांवरचं काम ८७०, आधुनिक वैद्यक ५१०, बाकी ९०.

आता आपल्या धंद्यातला माणूस असे दोन कॉलम बघून काय करेल? डिफ काढेल. मीही काढला. फरक येतो ७२० तासांचा: वनस्पती ४५०, क्लिनिक २१०, आधुनिक वैद्यक ६०. म्हणजे छोटी पदवी घेतलेल्या माणसाला मोठी हवी असेल, तर कागदावर तरी तिचं काम ७२० तासांचं आहे. प्रत्यक्षात घेणारी शाळा ठरवते किती धरायचं, मान्यता नसलेल्या शाळेतले तास घेताना हात आखडता घेते, जुने तास नाकारते, भांडणं होतात. पण भांडायला निदान एक आकडा असतो. (त्या 'पौर्वात्य' शब्दाची आता तिकडे लाज वाटायला लागली आहे. २०१६ साली ओबामांनी सही केलेल्या कायद्याने तो काही केंद्रीय कायद्यांतून काढला आणि २०२१ मध्ये मान्यता देणाऱ्या संस्थेनेही नावातून काढून तिथे 'हर्बल' घातला. असो.)

तुम्ही म्हणाल, जालन्याच्या माणसाला अमेरिकेतल्या सुयांचं काय पडलंय? सांगतो.

आमच्या नात्यातली एक मुलगी होमिओपॅथीच्या दुसऱ्या वर्षाला होती. पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास. मग घरच्या काही कारणाने आणि थोडं स्वतःच्या मनाने तिला आयुर्वेदाकडे जावंसं वाटलं. तिने मला विचारलं, कारण कॉम्प्युटरवाल्या मामाला सगळं माहीत असतं असा घरात समज आहे. मी दोन शनिवार नियम वाचले. उत्तर एका ओळीचं निघालं: नीट द्यायची, आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. होमिओपॅथीच्या पहिल्या वर्षात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवतात. आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षातही रचना शारीर आणि क्रिया शारीर असतं. तिने फोनवर एकच प्रश्न विचारला, "मामा, मांडीचं हाड दोन्हीकडे एकच ना?"

हाड एकच आहे. पण ते ज्या वहीत लिहिलंय ती वही वेगळी आहे.

बरं, पॅथी बदलली म्हणून असं झालं म्हणावं, तर आयुर्वेदाच्या एका कॉलेजातून आयुर्वेदाच्याच दुसऱ्या कॉलेजात जाणंही सोपं नाही. नियम थोडक्यात असा राहिला आहे: पहिली परीक्षा पास झाल्यावरच जाता येतं, नापास विद्यार्थ्याला नाही, वर्षाच्या मध्येच नाही, दोन्ही कॉलेजांची आणि दोन्ही विद्यापीठांची संमती हवी, आणि पलीकडे जागा रिकामी हवी. सिलॅबस देशभर एक, पदवीचं नाव एक, तरी एवढं सगळं जुळून यावं लागतं.

मग मला प्रश्न पडला की हे आपल्याकडे कायमच असं होतं का? आणि इथून खरी गंमत सुरू झाली, कारण आमच्या भागाचा इतिहासच मुळी एका वहीतून दुसऱ्या वहीत जाण्याचा आहे.

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथे तीन गोष्टी वेगळ्या होत्या: पैसा, तारीख आणि शिक्षणाची भाषा.

पैसा म्हणजे हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. जुनी माणसं अजूनही बोलता बोलता "हाली का कलदार?" असं म्हणून जातात. विसाव्या शतकात दर साधारण ठरलेला होता, ७ हाली म्हणजे ६ कलदार. म्हणजे जालन्याच्या मोंढ्यातला व्यापारी मनमाडला उतरला तर त्याच्या खिशातले पैसे शून्य होत नसत. सातातला एक जायचा, सहा राहायचे. कुरकुर व्हायची, पण हिशेब व्हायचा.

तारीख म्हणजे फसली सन. संस्थानच्या कागदांवर फसली वर्ष असायचं. इसवी सन काढायला साधारण ५९० मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. ज्यांनी कधी डेटा मायग्रेशन केलंय त्यांना या वाक्याने घाम फुटला असेल, कारण फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. म्हणजे 'साधारण ५९०' यातलं 'साधारण' फार महत्त्वाचं. तरी तिथेही दर होता. कारकुनाला तो पाठ असायचा.

तिसरी गोष्ट भाषा. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचं आणि माध्यम उर्दू. त्यासाठी आधी १९१७ मध्ये भाषांतराचं खातंच काढलं होतं, दारुत्तर्जुमा नावाचं. तिथे पाश्चात्त्य शास्त्रांची पुस्तकं उर्दूत आली. युनानीसाठी चारमिनारजवळ निजामिया तिब्बी कॉलेज होतं. मराठी घरातल्या मुलाने जालन्याहून रेल्वेने हैदराबादला जायचं, उर्दूत शिकायचं, आणि परत येऊन मराठीत रोग्याशी बोलायचं, हे त्या काळी नवलाचं नव्हतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेलं. उस्मानियाचं माध्यम उर्दूवरून इंग्रजीवर आलं. पन्नाशीच्या दशकात हाली नाणं बंद झालं, ७ ला ६ या दराने कलदार मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. मधे १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं. तोपर्यंत मराठवाड्यातली कॉलेजं उस्मानियाला जोडलेली होती. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये काढलेलं मिलिंद महाविद्यालयसुद्धा. १९५८ नंतर ती सगळी नव्या विद्यापीठात गेली. कॉलेज जागेवर, बाकं जागेवर, मास्तर तेच, फक्त वरचं विद्यापीठ बदललं.

इथे माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि या लेखात मला सांगायचं आहे ते तेवढंच आहे. आपल्याकडे शिक्षणाचा हिशेब घाऊक चालतो, किरकोळ चालत नाही. अख्खं कॉलेज, अख्खा जिल्हा, अख्खं राज्य एका वहीतून दुसऱ्या वहीत नेता येतं, कुणाचं वर्ष बुडत नाही. पण एकटा विद्यार्थी उठून म्हणाला की माझी दोन वर्षं तिकडे धरा, की खिडकी बंद.

वैद्यकाचा इतिहास याच नजरेने बघा.

मुंबई इलाख्यात १९३८ साली वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा झाला. खेर मंत्रिमंडळाचा काळ. भारतीय वैद्यकाच्या नोंदणीचा हा देशातल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक. प्रश्न मोठा बिकट होता. समोर हजारो वैद्य. कुणी गुरूकडे राहून शिकलेला, कुणी बापाकडून, कुणी पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचा 'आयुर्वेद विशारद', कुणी काहीच नाही पण वीस वर्षं गाव सांभाळतोय. यांचं शिक्षण मोजायचं कसं? कायद्याने मोजलंच नाही. त्याऐवजी दोन कागद केले. एक रजिस्टर, ज्यांच्याकडे मान्य प्रमाणपत्र आहे त्यांच्यासाठी. दुसरी यादी, जे आधीपासून व्यवसाय करत आहेत त्यांच्यासाठी. म्हणजे प्रश्न "तू काय शिकलास" हा नव्हता. प्रश्न होता "तू आमच्या कागदाच्या आधी होतास का?"

महाराष्ट्र झाल्यावर १९६१ चा कायदा आला. मुंबई, विदर्भ, मराठवाडा अशा तीन ठिकाणच्या तीन रीती एका छत्राखाली आणल्या. पद्धत तीच, रजिस्टर आणि यादी. मग १९७० चा केंद्राचा कायदा, ज्यातून भारतीय वैद्यकाची केंद्रीय परिषद निघाली. त्यातही एक कलम होतं: ज्या राज्यात नोंदवहीच नाही, तिथे कायदा लागू होताना किमान ५ वर्षं व्यवसाय करत असलेल्या माणसाचा हक्क शाबूत राहील. म्हणजे चार वर्षं अकरा महिने झालेला बाहेर. हे अन्यायाचं वाटेल, पण रेष कुठेतरी ओढावी लागते हे मान्य करू.

रेषेचं सगळ्यात भेदक उदाहरण प्रयागचं. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या 'वैद्य विशारद' आणि 'आयुर्वेद रत्न' या परीक्षा खूप प्रसिद्ध होत्या. टपालाने पुस्तकं मागवून अभ्यास करायचा आणि केंद्रावर परीक्षा द्यायची. आमच्या लहानपणी बाजारपेठेत अशा पाट्या सहज दिसायच्या, नावाखाली 'आयुर्वेद रत्न' लिहिलेल्या. १९७० च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात या पदव्या होत्या, पण पुढे वर्षं दिली होती: १९३१ ते १९६७. १९६७ ची पदवी चालते, १९६८ ची नाही. पुस्तकं तीच, परीक्षा तीच, नाव तेच. यावर लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं खटले चालले, आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९६७ नंतरच्या या पदव्यांवर व्यवसाय करता येणार नाही.

मला न्यायालयाचं चुकलं असं म्हणायचं नाही. ज्या परीक्षेला कॉलेज नाही, दवाखाना नाही, रोगी नाही, तिच्यावर औषध द्यायला परवानगी कशी द्यायची? पण त्या माणसांनी जे वाचलं होतं त्याचं काय? कुठेतरी दोन वर्षं क्लिनिक करून, एखादी परीक्षा देऊन आत यायची वाट ठेवता आली असती. तशी वाट नव्हती. पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर. सातचे सहा नाही, सातचे शून्य.

आता उलट उदाहरण, कारण सगळंच काळं नाही. आणि ते सापडतं होमिओपॅथीत.

होमिओपॅथीचा महाराष्ट्रातला कायदा १९५९ चा, केंद्राचा १९७३ चा. १९८३ मध्ये केंद्रीय परिषदेने अभ्यासक्रमांचे नियम केले. त्यात तीन दारं होती. एक पदविका, डी.एच.एम.एस., चार वर्षांची. दुसरं थेट पदवी, बी.एच.एम.एस., साडेपाच वर्षांची. आणि तिसरं म्हणजे 'ग्रेडेड डिग्री': पदविका असलेल्याने दोन वर्षं जास्त शिकायचं आणि पदवी घ्यायची.

जरा गणित करू. साडेपाचातून दोन गेली, उरली साडेतीन. म्हणजे पदविकेची चार वर्षं पदवीच्या साडेतीन वर्षांइतकी धरली. दर पडला ८ ला ७! हाली-कलदारपेक्षाही बरा दर. :-)

मला ही ग्रेडेड पदवी फार शहाणपणाची वाटते. तिने कुणाला फुकट काही दिलं नाही आणि कुणाचं बुडवलंही नाही. गावात दवाखाना चालवणाऱ्या पदविकावाल्याला सांगितलं, ये, दोन वर्षं बस, पुढचं शीक, पदवी घे. मोजायला सोपं, समजायला सोपं. पण बघा, इथेही पदविका पूर्ण असावी लागे. अर्धी पदविका घेऊन आलेल्याला दार नव्हतंच. घाऊकच, फक्त जरा लहान पोतं.

आता सुयांकडे परत येऊ, कारण त्यांची गोष्ट आपल्याकडे अजून ताजी आहे, आणि त्यात एक आपला माणूसही आहे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० चा जन्म, मुंबईच्या जी.एस. मेडिकल कॉलेजचे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात गेले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. यातले चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचात दोन मराठी मुलखातले. कोटणीस तिथेच राहिले, बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्या परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला तो आपल्याला माहीत आहे. पुष्कळांना वाटतं कोटणीसांनी अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं. तसं नाही. ते शल्यविशारदाचं काम करत होते आणि परत आलेच नाहीत. आणलं ते त्याच पथकातल्या बिजॉयकुमार बसूंनी. ते पुन्हा चीनला जाऊन हे शिकले आणि १९५९ मध्ये कलकत्त्याला सुरुवात केली.

म्हणूनच असेल कदाचित, पहिला कायदाही पश्चिम बंगालचाच, १९९६ चा. केंद्राने २५ नोव्हेंबर २००३ ला एक आदेश काढला. त्यात अनेक पर्यायी पद्धती तपासून सांगितलं की अ‍ॅक्युपंक्चर आणि संमोहन या स्वतंत्र वैद्यकपद्धती नाहीत, पण 'उपचाराचा प्रकार' म्हणून चालतील, आणि ते नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी करावेत. इलेक्ट्रोपॅथी, चुंबक, रेकी, रत्नचिकित्सा वगैरेंना मान्यता नाकारली आणि त्यांच्या पदव्या-पदविका वाटू नका असं राज्यांना कळवलं. मग महाराष्ट्राने २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धतीचा कायदा केला, बंगालनंतर दुसरं राज्य. आणि २१ फेब्रुवारी २०१९ ला केंद्राने आणखी एक आदेश काढून अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

म्हणजे २००३ ला 'प्रकार', २०१९ ला 'स्वतंत्र पद्धत'. मधल्या सोळा वर्षांत ज्याने सुया शिकल्या, त्याने नक्की काय शिकलं? एखाद्या गोष्टीचा एक प्रकार, की एक अख्खी गोष्ट? हे शब्दांचे खेळ वाटतात, पण शिकणाऱ्याचं आयुष्य यावरच ठरतं. 'प्रकार' असेल तर ती आधीच्या पदवीवरची शिवण. 'स्वतंत्र पद्धत' असेल तर तिला स्वतःचं पहिलं वर्ष लागणार, आणि पहिलं वर्ष आलं की परत तेच मांडीचं हाड.

इथे आपल्याकडे एक संधी आहे असं मला वाटतं. आयुर्वेदाचा सिलॅबस ठरून पन्नास वर्षं होत आली, तो हलवणं अवघड. अ‍ॅक्युपंक्चरचं घर आपल्याकडे अजून बांधून व्हायचंय. विटा रचतानाच तास लिहून ठेवले, ७०५, ६६०, ४५० असे, तर उद्या कुणी डॉक्टर, कुणी वैद्य, कुणी फिजिओथेरपिस्ट आला तर डिफ काढता येईल. शरीररचना झाली आहे? बरं, सुयांचं शिका. नाही झाली? आधी ती.

कुणी म्हणेल, असं केलं तर मागच्या दाराने कुणीही डॉक्टर होईल. ही भीती खोटी नाही, आणि तिचं ताजं उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे. २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणला, तो पास झाल्यावर ठरावीक अ‍ॅलोपॅथी औषधं देता यावीत म्हणून. २०२५ मध्ये या लोकांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी नोंद करायची म्हटल्यावर रान पेटलं आणि सप्टेंबरात अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. एका बाजूचं म्हणणं, खेड्यात डॉक्टर नाहीत, हे आहेत तर यांना शिकवा. दुसऱ्या बाजूचं, साडेपाच वर्षांचं काम एका वर्षात कसं होतं?

मला दोघांचंही पटतं, हीच तर अडचण. मंठा किंवा जाफराबादकडच्या एखाद्या गावात रात्री पोराला ताप भरला तर पहिला डॉक्टर कुठल्या पॅथीचा भेटेल हे जालना जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा. जिल्ह्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२४ उजाडलं, तेही जिल्हा होऊन ४३ वर्षं झाल्यावर. तोवर गावं ज्यांनी सांभाळली त्यांना नुसतं 'बोगस'च्या जवळपास उभं करणं बरोबर नाही. पण एका वर्षाच्या वर्गात सगळ्यांना सरसकट एकच धडा, हाही घाऊक हिशेबच झाला. वीस वर्षं दवाखाना चालवलेला आणि काल पदवी घेतलेला, दोघांना तेच एक वर्ष. कुणाला काय येतं आणि काय येत नाही हे कुणी तपासलंच नाही. डिफ न काढता पॅच मारला की काय होतं, हे आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको.

क्रेडिट नावाची ही भानगड निघाली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनला प्राध्यापकांना पेन्शन द्यायची होती. ती खऱ्या कॉलेजांच्याच प्राध्यापकांना द्यायची. मग खरं कॉलेज कुठलं? जे ठरावीक तास शाळा शिकलेल्या मुलांनाच घेतं ते. त्यातून १२० तासांचं एक 'युनिट' आलं. म्हणजे विद्यार्थ्याचं भलं व्हावं म्हणून नाही, म्हाताऱ्या मास्तरांच्या पेन्शनीसाठी मोजपट्टी निघाली! पण एकदा निघाली, आणि मग तिचा फायदा विद्यार्थ्यांना झाला. आपल्याकडेही असंच व्हायला हरकत नाही. हेतू काहीही असो, तास लिहून ठेवा.

आता जालन्याचा माणूस म्हणून एक शेवटचं. आमच्याकडे लोखंडाच्या भट्ट्या आहेत. देशभरातून भंगार येतं, गाडी काट्यावर चढते, वजन होतं, माल कुठला आहे, कुणाचा आहे, अर्धवट तुटलेला आहे की अख्खा, त्याप्रमाणे भाव ठरतो. कमी मिळेल, पण मिळतं. तुटलेलं आहे म्हणून वजन शून्य, असं म्हणणारा काटा मी अजून पाहिला नाही. माणसाच्या शिक्षणाला आपण एवढाही काटा ठेवलेला नाही. त्यासाठी फार मोठी क्रांती लागणार नाही. प्रत्येक वैद्यकीय शाखेच्या परिषदेने पहिल्या वर्षातले सामायिक विषय तासांसकट छापावेत, आणि त्या विषयात पास झालेल्याला दुसऱ्या शाखेत तेवढ्यापुरती एक पडताळणी परीक्षा देऊ द्यावी. पास झाला तर धरा, नाही तर नका धरू. प्रवेशाची नीट वगैरे आहेच, तिला कुणी हात लावत नाही.

ती मुलगी नीट देऊन पहिल्या वर्षाला बसली. शरीररचनेत वर्गात पहिली आली, यात नवल ते काय.

लेख फारच लांबला. पुढच्या शनिवारी बहुतेक मनमाड-सिकंदराबाद रेल्वेबद्दल लिहीन, तिच्या मीटरगेजचं ब्रॉडगेज होण्याचीही एक मोठी कहाणी आहे. तुमच्या घरात कुणाकडे फसली तारखेचं प्रमाणपत्र असेल तर कळवा. ५९० मिळवून बघू.